साल काढणाऱ्या शिर्केबाई

शिर्केबाई एखाद्या जुन्या मोटारसायकलीभोवती एक फेरी मारायच्या, टाकीवर टिचकी मारायच्या आणि नुसतं "बरं" म्हणायच्या. त्या एका "बरं"नं सांगली-साताऱ्यातल्या भल्याभल्यांची झोप उडालेली मी पाहिली आहे. त्यात एका साखर कारखान्याचे संचालक आहेत, एक हाडांचे डॉक्टर आहेत आणि स्वतःला 'कॅप्टन' म्हणवून घेणारे एक रस्त्यांचे कंत्राटदार आहेत. हे कॅप्टन शाळेतल्या कवायतीच्या पुढे कधी गेले नव्हते, पण मिशा मात्र सरहद्दीवरून आल्यासारख्या.

समोर उभी असलेली इंग्रजी गाडी कुठल्या मॉडेलची, कुठल्या साली कारखान्यातून बाहेर पडली, तिच्यात मूळचं किती आणि मागाहून जोडलेलं किती, हे सांगणं हा बाईंचा उद्योग. पोटासाठी त्यांनी सांगलीच्या एका कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. गाड्या आल्या त्या निवृत्तीनंतर. 'साल काढणं' याचे आमच्याकडे दोन अर्थ होतात. बाई दोन्ही कामं एकाच वेळी उरकायच्या.

माझा फोटो स्टुडिओ त्यांच्या घरासमोर आहे. इंजिनावरचा नंबर बघायला वाकावं लागतं आणि बाईंचे गुडघे त्यांच्याआधीच निवृत्त झालेले. म्हणून त्या मला बरोबर न्यायच्या. "अहो फोटोवाले, चला. लग्नं काय, रोजचीच आहेत." मी आडवा पडून नंबराचा फोटो काढायचा, त्यांनी तो माझ्या मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून बघायचा. यातलं माझं कर्तृत्व एवढंच.

गाड्यांची आवड खरी त्यांच्या यजमानांची. शिर्केसाहेबांचा कुपवाडला पंपाचे भाग बनवायचा छोटा कारखाना होता. नफा झाला की साहेब एखादी मोडकी ट्रायम्फ नाहीतर बीएसए टेम्पोत घालून घरी आणायचे. तोटा झाला तरी आणायचे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी मोठा गोतावळा जमवला होता. बाई त्या सगळ्याला 'गंज' म्हणत. "आज कुठला गंज आणलाय?" असं विचारून चहा ठेवत.

साहेब अचानक गेले. तिसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. सगळ्यांचे डोळे पाणावलेले, पण ते खिडकीतून शेडकडे लागलेले. त्यात आमचे कॅप्टन सगळ्यात पुढे. ते थेट शेडमध्येच उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, ह्या भंगाराचं तुमी काय टेन्शन घिऊ नका. आमी गाडी लावून उचलतो. सायबांसाठी एवढं तरी करू द्या."

हे बोलताना त्यांचा हात एका हेडलाइटची काच रुमालानं पुसत होता. बाईंनी जन्मभर प्रॅक्टिकलच्या परीक्षा घेतलेल्या. कोण उत्तर लिहितोय आणि कोण शेजारच्याचं बघतोय, हे त्यांच्या पाठीलाही दिसायचं.

"कॅप्टन, भंगार कुणी रुमालानं पुसतं का हो?"

कॅप्टन चहा न घेता गेले. त्याच आठवड्यात बाईंनी शेडला कुलूप लावलं आणि साहेबांची तेलकट पुस्तकं स्वयंपाकघरात आणली. कुणाकडून लुटून घ्यायचं नाही, एवढाच तेव्हा हेतू होता. पण वर्षभरात त्या अशा तयार झाल्या की गाड्या विकायचं राहूनच गेलं आणि बाई लोकांच्या गाड्या बघत फिरू लागल्या.

पद्धत त्यांनी कॉलेजचीच ठेवली. झाड ओळखताना आधी पान, मग खोड, मग फूल. तसं आधी पुढचं चाक धरणारा फोर्क, मग चौकट, मग इंजिन. गाड्यांचे त्यांनी दोन प्रकार केले होते. सगळी मूळची असेल ती बियाची. इकडचं-तिकडचं जोडलेली ती कलमी. बांडगूळ असा तिसराही एक प्रकार होता, पण तो गाडीला नव्हे, मालकाला लागू असायचा. पर्समध्ये त्या फ्रिजवरचं एक लोहचुंबक बाळगायच्या. टाकीला लावायच्या. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर आत लांबीचा लगदा भरून वर रंग मारलेला. एका लग्नात त्यांनी ते रुखवतातल्या चांदीच्या समईलाही लावून पाहिलं आणि ते चिकटलं. त्या घराशी त्यांचा संबंध तिथं संपला.

हाडांच्या डॉक्टरांची गोष्ट सांगलीतल्या मेळाव्यातली. हे जुन्या गाड्यांचे मेळावे म्हणजे एक प्रकरण असतं. भर उन्हात चामड्याची जाकिटं घालून घाम पुसणारी, पोटं सुटलेली माणसं, आणि ज्या गाडीवर ती फिरतात असं सांगतात ती गाडी टेम्पोतून उतरवणारी चार पोरं. डॉक्टरांनी लाल रंगाची ट्रायम्फ आणली होती. बाईंनी मला खाली पाठवलं. मी दोन फोटो काढले, एक इंजिनाच्या नंबराचा, एक चौकटीच्या.

"डॉक्टर, या सालच्या ट्रायम्फला दोन्हीकडे एकच नंबर असतो. तुमच्याकडे दोन आहेत. सांगाडा एकाचा, काळीज दुसऱ्याचं. तुम्ही हाडांचे ना? निदान सांगाडा तरी तपासून घ्यायचा."

"पण मॅडम, विकणाऱ्यानं ओरिजिनल म्हणून सांगितलं."

"पेशंटनं पाय मोडलाय म्हटलं की तुम्ही लगेच प्लास्टर घालता का?" मग त्याच म्हणाल्या, "घालत असाल."

अशा बाईंना माणसं बोलावत का, असं कुणी विचारेल. बोलावत, कारण शेजारच्याची गाडी खोटी ठरताना पाहण्यासारखं दुसरं सुख या छंदात नाही. आणि बाईंनाही ते बोलावणं हवं असायचं. पहिल्या रांगेतली खुर्ची, हातात नारळ, माइकवरच्या निवेदकाला मधेच थांबवून उच्चार सुधारणं, हे त्यांना मनापासून आवडायचं. स्वतःची चूक झाली, असं त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यातच वडूजचं झालं.

वडूजला शाळेच्या मैदानात जुनी वाहनं आणि शेतीची अवजारं मांडली होती. तिथं सर्जेराव खरात आपली मॅचलेस मोटारसायकल घेऊन आले होते. खरात फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घराणं मेंढपाळांचं. वडीलही फौजेत होते आणि त्यांनी मेंढरं विकून ती गाडी पुण्याहून नवी आणलेली. टाकीचा रंग उडाला होता, पण बिल्ला चकाकत होता. खरात गाडीशेजारी सावधान उभे.

बाईंनी फेरी मारली. मी नेहमीसारखा इंजिनाच्या नंबराचा फोटो काढला. इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो नावाचा एक भाग असतो, तो त्यांनी बोटानं दाखवला.

"हवालदारसाहेब, मॅचलेस आणि एजेएस या एकाच कारखान्यातल्या बहिणी. मॅग्नेटो सिलिंडरच्या मागे असला तर मॅचलेस, पुढे असला तर एजेएस. तुमचा पुढे आहे. कुणीतरी बिल्ला बदलून तुमच्या वडिलांच्या गळ्यात बांधलीय."

"आवं बाई, नवी कोरी घेतल्याली. नव्या गाडीचा बिल्ला कोन कशाला बदलंल?"

"वडिलांना वाचता येत होतं का?"

आजूबाजूची माणसं हसली. कॅप्टनही होते, ते सगळ्यात मोठ्यानं हसले. खरात गाडी ढकलत मैदानाबाहेर निघून गेले.

पुढच्या वर्षी साताऱ्यात मेळावा झाला. तिथं एक मॅचलेस उभी होती, मॅग्नेटो पुढे. "खोटी," बाई म्हणाल्या. पलीकडे दुसरी होती, तिचाही पुढेच. बाईंनी मला फोटो काढायला लावला. त्या दुसरीचा मालक कऱ्हाडचा एक तरुण इंजिनियर होता. तो अदबीनं म्हणाला, "मॅडम, बावन्नपासून मॅचलेसचाही मॅग्नेटो पुढे आला. तुम्ही त्याआधीचं पुस्तक बघता का?"

"बरं," बाई म्हणाल्या. पण हे "बरं" नेहमीचं नव्हतं.

साहेबांचं पुस्तक पन्नास सालचं होतं. साऱ्या जगाची सालं काढणाऱ्या बाईंनी पुस्तकाचं साल पाहिलं नव्हतं. परत निघालो तेव्हा गाडी मी चालवत होतो. नागठाणे मागे पडलं तेव्हा बाई म्हणाल्या, "इथून वडूजला जाता येईल का?"

"मागं फिरावं लागेल."

"मग फिरा."

खरातांच्या घरापुढच्या छपरात, जिथं गाडी असायची असं दिसत होतं, तिथं दोन शेळ्या बांधलेल्या. जमिनीवर तेलाचा जुना डाग. हवालदारांनी बाज टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. चहा हातात आल्यावर बाईंनी सुरुवात केली, "तुमची गाडी बरोबर होती. चूक पुस्तकाची होती."

"पुस्तक कुनी वाचलं हुतं?"

बाईंनी कप खाली ठेवला. "मी."

"आता काय उपेग, बाई? गाडी गेली. गावात पोरं मला 'खोटं मॅचलेस' म्हनाय लागली. हाटेलात बसलो तरी तेच. मग एक मिशीवाला आला. म्हनला, खोटी हाय, भंगारातच जायाची, मीच उचलतो. दिली."

"मिशा कशा होत्या?"

"लय मोठ्या. कॅप्टन म्हनत हुता सवताला."

परतीच्या वाटेत बाई एकदाच बोलल्या, आणि ते पाटणकडचं त्यांचं मूळचं बोलणं होतं, एरवी त्या कधी तसं बोलत नसत. "मीच दिली की रं त्याला. हातानं."

कॅप्टनना विचारलं तर त्यांनी हात वर केले. पुढं विकली, कुणाला ते आठवत नाही. ती गाडी कुणाकडे गेली हे आम्हाला काही महिन्यांनी कळलं, तेही आयतंच.

आमच्या भागात भाऊसाहेब नावाचे पुढारी आहेत. शाळा त्यांची, कॉलेजं त्यांची, आणि जे अजून त्यांचं नाही त्याचं भूमिपूजन झालेलं. त्यांनी आजोबांचं स्मारक बांधलं. आजोबा मुलकी पाटील होते आणि चळवळीतल्या पोरांची नावं फौजदाराला पोचवायचे, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची. पण म्हातारी माणसं संपली आणि नातवाला निधी मिळाला. स्मारकाच्या मधोमध एक मोटारसायकल ठेवायची होती. आजोबांनी बेचाळीस साली गोऱ्या अधिकाऱ्याकडून हिसकावून घेतलेली. उद्घाटनाला शिर्केबाईंनी दोन शब्द बोलावेत, म्हणजे गाडीवर शिक्कामोर्तब होईल, असं भाऊसाहेबांचं म्हणणं. बाईंचा मुलगा नितीन त्यांच्याच इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचा, दरवर्षी नव्यानं नेमणूक होणारा. यंदा तो कायम होणार अशी बोलणी चालू होती.

आम्ही आदल्या दिवशी गाडी बघायला गेलो. मिलिटरी खाकी रंग, टाकीवर पांढरे आकडे. बाईंनी मॅग्नेटो बघितला. तो पुढे होता. मग मला खाली पाठवलं. मी इंजिनाचा नंबर टिपला आणि उठता उठता मोबाइलमधला वडूजचा फोटो काढून शेजारी धरला. आकड्याला आकडा तोच.

"भाऊसाहेब, ही गाडी बावन्नच्या आधी बनलेलीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे इंग्रज जाऊन पाच वर्षं झाल्यावर आजोबांनी गोऱ्याला गाठलं."

भाऊसाहेब मनापासून हसले. चिडणं त्यांनी केव्हाच सोडून दिलंय, त्यासाठी माणसं ठेवलीत. "मॅडम, इतिहास रक्तात असतोय, लोखंडात न्हाई."

"मग लोखंडाला खाकी कशाला फासलंत?"

"लोकांस्नी दिसाय पायजे काय तरी. तुमी फक्त गाडी खरी हाय एवढं बोला. साल आमी बघतो." आणि मग अगदी मायेनं, "नितीन सर आमचंच लेकरू हाय."

त्या संध्याकाळी नितीन माझ्या देखत आईला म्हणाला, "आई, नुसतं 'बरं' म्हण आणि खाली बस. तुझं 'बरं' तिथं कुणाला कळणाराय?"

"तू जेवून घे," बाई म्हणाल्या.

उद्घाटनाला मंडप भरला होता. बाईंनी माइक हातात घेतला आणि पन्नास मुलांचा वर्ग असल्यासारखं आधी विचारलं, "मागच्यांना ऐकू येतंय का?" मागचे "व्हय" म्हणाले.

"ही गाडी खरी आहे," बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या. "हिच्याइतकी खरी गाडी मी अलीकडे पाहिलेली नाही." आणखी टाळ्या. भाऊसाहेबांनी हात जोडले. "पण ही बेचाळीसची नाही, बावन्नच्या पुढची आहे. आणि ही वडूजच्या हवालदार सर्जेराव खरातांची आहे. त्यांच्या वडिलांनी फौजेतून आल्यावर मेंढरं विकून घेतलेली. मी चार माणसांत तिला खोटी म्हणाले, म्हणून त्यांना ती गमवावी लागली. माझं चुकलं. त्यांच्या वडिलांना वाचता येत होतं का, असंही मी विचारलं होतं. ते विचारायला नको होतं."

इथवर आल्यावर मंडपातला निम्मा भाग टाळ्या वाजवतच होता, कारण एकदा सुरू झालेल्या टाळ्या थांबवायच्या कुणी, हे ठरलेलं नव्हतं. सगळ्यात जास्त वेळ भाऊसाहेबच वाजवत होते. मग बँड लागला.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात पहिल्या पानावर मथळा आला: 'ऐतिहासिक गाडी अस्सलच, तज्ज्ञ मॅडमचा निर्वाळा'. खाली 'हिच्याइतकी खरी गाडी पाहिली नाही' हे वाक्य चौकटीत. फोटो मीच काढलेला, नाव मात्र त्यांच्या वार्ताहराचं. बाईंनी पेपर वाचला, घडी घातली आणि त्यावर शेवग्याच्या शेंगा निवडायला घेतल्या.

पण कुणीतरी भाषण मोबाइलवर टिपलं होतं. ते फिरत फिरत माजी सैनिकांच्या ग्रुपवर गेलं. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत. पुढच्या रविवारी गावोगावचे निवृत्त जवान टोप्या घालून स्मारकाच्या अंगणात येऊन उभे राहिले. घोषणा नाहीत, काही नाही. नुसते रांगेत उभे. मधे सर्जेराव खरात.

निवडणूक तोंडावर होती. भाऊसाहेबांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की ही गाडी ते एका ज्येष्ठ सैनिकाला 'कृतज्ञता म्हणून' भेट देणार. पुन्हा मंडप, पुन्हा हार, पुन्हा बँड. व्यासपीठावर खरातांच्या हातात पुठ्ठ्याची चार फूट लांब सोनेरी किल्ली दिली. त्या गाडीला मुळात किल्लीच नसते. खरात माइकजवळ वाकून म्हणाले, "माझीच हाय." पण तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं.

बाई त्या सोहळ्याला गेल्या नाहीत. दोन दिवसांनी खरातांचा फोन आला, मी तिथंच बसलो होतो. "बाई, ही खाकी कशानं काढू?" बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, कुठला कागद, कुठलं तेल, आणि खालचा जुना रंग लागला की हात हलका करायचा. फोन ठेवायच्या आधी खरात म्हणाले, "या एकदा. चा राहिला हुता तुमचा, तसाच ठिवला तुमी." बाई गेल्या. त्या वेळी मला नेलं नाही.

नितीन कायम झाला नाही. त्याची नेमणूकच पुढं झाली नाही. आईशी न बोलता तो पुण्याला गेला, तिथं एका कंपनीत लागला. चांगला पगार आहे असं तो माझ्या बायकोला सांगायचा, आईला नाही. बाईंनी त्याच्याबद्दल एक शब्द काढला नाही, पण त्याचा फोन आमच्याकडे आला की काही ना काही निमित्तानं त्या रस्ता ओलांडून यायच्या. मग गेल्या दिवाळीत तो स्वतःहून आला. मायलेकांचं आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाई पुण्याला राहायला जाणार असं ठरलं. शेडमधल्या गाड्या कऱ्हाडच्या त्या इंजिनियरनं नेल्या. कॅप्टन त्या दिवशीही आले होते, बाहेरच उभे राहिले.

जायच्या आधी सांगलीत मेळावा होता. मी बाईंना घेऊन गेलो. विश्रामबागच्या एका बिल्डरनं नवीनच घेतलेली बीएसए आणली होती. अंगात जाकीट, हातात हेल्मेट, शेजारी फोटो काढायला पुतण्या.

"मॅडम, कुठल्या सालची?"

बाईंनी फेरी मारली. फोर्क पाहिला, चौकट पाहिली. मी खाली पडून नंबर टिपला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बघावं लागेल."

बिल्डरचा चेहरा पडला. कुठलंही साल चाललं असतं, पण हे त्याला नको होतं. बाईंनी कुणाचं तरी पोतं मागून घेतलं, हातांनी धरून गुडघ्यांना खाली बसवलं आणि इंजिनाच्या खालून बोटं फिरवू लागल्या. तेवढ्यात पुढं झेंडा हलला. सगळ्या गाड्या एकदम फटफटल्या, धूर झाला, चामड्याची जाकिटं पुष्पराज चौकाच्या दिशेनं निघाली.

"मॅडम, रॅली सुटली की हो," बिल्डर म्हणाला.

"जाऊ दे त्यांना," गाडीखालून बाईंचा आवाज आला. "जरा बॅटरी धरा इकडं."

बिल्डरनं इकडंतिकडं पाहिलं, हातातलं हेल्मेट पुतण्याकडे दिलं आणि मोबाइलचा दिवा लावून वाकला.